खाडीचं लग्न

लग्नसराई सुरू झाली की माझी दुपारची झोप गेलीच म्हणून समजा. आमच्या पालघरच्या घरासमोर रिकामं मैदान आहे. तिथे मांडव पडतो, बांबू ठोकायचे आवाज येतात, मग माणसाहून उंच स्पीकर उतरतात आणि हळदीच्या दिवशी खिडक्यांच्या काचा थरथरायला लागतात. मुलगा म्हणतो, "आई, तक्रार कर की." मी कसली तक्रार करणार! लोकांच्या घरी लग्न आहे, त्यांनी काय कुजबुजत नाचायचं? मी खिडकी लावून घेते. पण जिन्यातून बायका जा-ये करतात, त्यांच्या हाताला, गालाला ओली हळद असते आणि तो वास दाराच्या फटीतून आत येतोच. लोकांना या वासाने बरं वाटतं. मला एक जुना मांडव आठवतो. इतकी वर्षं झाली, नोकरी संपली, गुडघे गेले, पण ती आठवण काही जात नाही.

यंदा ती जरा लवकरच आली. मागच्या आठवड्यात तरुण शिक्षकांच्या एका शिबिरात मला बोलायला बोलावलं होतं. विषय होता, हसत-खेळत पर्यावरण शिक्षण. फळ्यावर रंगीत खडूने लिहिलेलं, बाजूला एक हसरं झाड काढलेलं. मी बोलले ते बोलले. शेवटी पहिल्या बाकावरची एक चुणचुणीत मुलगी उठली आणि म्हणाली, "बाई, विनोदातून पर्यावरण शिकवायचा काही फॉर्म्युला आहे का?" मी म्हटलं, "अगं, फॉर्म्युला असायला ते काय खत आहे?" सगळे हसले. मीही हसले. पण घरी येताना रिक्षात बसले आणि ते खाडीकाठचं गाव आठवलं.

गावाचं नाव सांगत नाही. चिंचणी-तारापूरच्या बाजूचं आहे एवढं पुरे. तिथले लोक अजून माझ्याशी बोलतात आणि ते बोलणं मला चालू ठेवायचं आहे. ऐंशीच्या दशकाचा शेवट असेल. माझं माहेर केळव्याचं. सुपारीच्या वाडीतल्या सावलीत वाढलेली मी, त्या उघड्या खाडीवर आले तेव्हा पहिले काही महिने डोळे मिचकावण्यातच गेले. शाळा खाडीला पाठ करून उभी. मागच्या खिडकीतून धक्का दिसायचा, धक्क्याला लागलेल्या होड्या दिसायच्या आणि पलीकडे बांबूंवर टांगलेल्या बोंबलांच्या रांगा. माघ-फाल्गुनात त्या बोंबलांचा वास, आंब्याच्या मोहोराचा वास आणि बोईसरकडून येणारा तिसरा एक वास, असे तिन्ही वास वर्गात एकदमच यायचे. तिसऱ्या वासाला नाव नव्हतं. मुलं त्याला "कंपनी" म्हणायची. "बाई, आज कंपनी लय येते," म्हणायची आणि नाकाला हात लावायची.

धक्क्याच्या वरच्या अंगाला एका कारखान्याचा नाला खाडीला मिळायचा. कारखाना कोणता, तेही जाऊ दे. नाल्याचं पाणी कधी हिरवं, कधी पिवळं, कधी विटकरी. भरतीला ते वर चढायचं, ओहोटीला उतरायचं आणि चिखलावर रंगाची रेघ ठेवून जायचं. मासळीला रॉकेलचा वास येतो म्हणून चिंचणीच्या बाजारात गिऱ्हाईक टोपली हुंगून परत ठेवायचं. आणि आमची मुलं? शाळा सुटली की भरती बघून धक्क्यावरून धडाधड उड्या. पोरं काय, पोरी काय! दुसऱ्या दिवशी वर्गात बाकांखाली खर्र खर्र खाजवायचा आवाज. पोटऱ्यांवर लाल चट्टे, बोटांच्या बेचक्यांत चिरा. मी गणित शिकवतेय आणि अर्धा वर्ग वाकून पाय खाजवतोय.

मी चिडायची. स्वभावच तो. परिसर अभ्यासाच्या तासाला मी त्यांना घाबरवायचा चंग बांधला. मोठा तक्ता केला, त्यावर कवटी आणि दोन हाडं काढली, खाली लाल शाईने "विष" लिहिलं. चांगला खणखणीत आवाज लावून सांगितलं की या पाण्यात उतराल तर कातडी जाईल, डोळे जातील, काय काय जाईल. मग मागून कोणीतरी म्हणालं, "बाई, ह्ये तर इजेच्या डब्यावर असतं तसं हाय." झालं! विजेच्या डब्याला टेकून रोज गप्पा मारणारी मुलं ती, त्यांना कवटीचं काय कौतुक? त्या दिवशीही भरती आली आणि सगळी पाण्यात गेली.

मधल्या सुट्टीत एकदा मी विसरलेला चष्मा घ्यायला वर्गाकडे परत आले, तर आतून हसण्याचा नुसता कल्लोळ. दाराआडून बघते तो काय, मथुरा फळ्यापुढे उभी! मथुरा माझ्या सातवीतली. काळीसावळी, दोन वेण्या, आवाज असा की धक्क्यावरून हाक मारली तर होडी वळावी. तिने ओढणीचा पदर करून खांद्यावर घेतला होता, हातात खडू धरला होता आणि अगदी माझ्यासारखी मान वाकडी करून म्हणत होती, "मुलांनोऽ, पाणी म्हणजे जीवन. सकाळी जीवन हिरवं असतं. दुपारी जीवन पिवळं होतं. संध्याकाळी जीवनाला कंपनी येते!" मग ती निवटी झाली. निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात टुणटुण उड्या मारणारा बोटभर मासा. ही निवटी खोकत खोकत डॉक्टरकडे गेली. डॉक्टरही मथुराच. "कुठं राहतेस?" "खाडीत, डॉक्टर." "मग पैसे आदी ठेव."

माझं डोकं फिरलं. डस्टर हातात घेऊनच मी आत शिरले. मथुराने ओढणी खांद्यावरून खाली ओढली. आणि मला त्या "पैसे आदी ठेव"ने आतून अशा काही गुदगुल्या केल्या की मी डस्टर टेबलावर ठेवला आणि तोंडाला पदर लावून हसत सुटले. हसता हसता एक गोष्ट लक्षात आली. माझा सगळा धडा या पोरीने शब्दन् शब्द ऐकला होता. आणि माझ्या तोंडून ऐकताना जांभया देणारी पोरं तिच्या तोंडून तोच धडा कान टवकारून ऐकत होती. त्या संध्याकाळी मी मागच्या खिडकीत उभी राहिले. धक्क्यावर एक मुलगा उडी मारायला धावत आला, तर बाकीची ओरडली, "ए निवटी, पैसे आदी ठेव!" तो कठड्याशी थांबला, लाजला आणि परत फिरला. दोघं-तिघं तरी त्या दिवशी कोरडी घरी गेली. माझ्या कवटीला जे जमलं नव्हतं ते झालं होतं.

आता बसून विचार करते तेव्हा वाटतं, भीती घातली की मुलं त्या भीतीशी लढतात. तिला वाकुल्या दाखवतात, तिच्यात उडी मारून बघतात. पण चारचौघांत आपलं हसं होईल म्हटलं की भले भले मागे सरतात. मोठी माणसं तरी काय वेगळी असतात?

त्याच सुमाराला मथुराच्या आळीत एक लग्न होतं. हळदीला मला बोलावणं. पाट्यावर वाटलेली हळद, मांडवाला बांधलेल्या आंब्याच्या डहाळ्या, ओट्यावर बसलेल्या बायका आणि त्यांची गाणी! अहो, काय एकेक गाणं! नवऱ्याकडची माणसं समोर बसलेली आणि नवरीकडच्या बायका त्यांच्या तोंडावर गाताहेत: व्याह्याचं पोट कसं, विहिणीचं नाक कसं, नवऱ्याची अक्कल कुठल्या फळीवर ठेवलेली. आणि व्याही मान खाली घालून हसतोय. मथुराची आय सगळ्यांत पुढे गात होती. मी तिला विचारलं, "रागावत नाहीत का हो ही माणसं?" ती म्हणाली, "लग्नात कोन रागावतो, बाई? जो रागावला त्याचं नाव जलमभर निगतं. आनि पायबी आमीच धुतो ना त्यांचे! आदी गानी, मग पाय."

मला ते भलतंच आवडलं. तोंडावर खरं बोलायचं आणि वर पाय धुवून मान द्यायचा. खाडीच्या चिखलात शिंपल्या वेचून पोट भरणाऱ्या त्या बाईला वर्षभर कोणी विचारत नव्हतं, पण मांडवात तिच्या जिभेपुढे सगळे वाकत होते. घरी जाता जाता माझ्या डोक्यात नाटक तयार झालं. शाळेच्या गॅदरिंगला खाडीचं लग्न लावायचं. खाडी नवरी आणि नाला नवरा!

मुलांनी ते नाटक डोक्यावर घेतलं. नवऱ्याचा फेटा दर प्रवेशाला वेगळ्या रंगाचा. रुखवत खरं तर नवरीकडचं असतं, आम्ही ते नवऱ्याकडचं केलं: खाडीच्या तोंडाशी जाऊन मी स्वतः नाकाला पदर लावून तीन बाटल्या भरून आणल्या, हिरवी, पिवळी आणि विटकरी, आणि त्यांना जरीची फीत बांधली. एक मुलगा रुखवत वाचून दाखवायचा, "नवरीला आंदण अशी मासळी, की चूल पेटवायला रॉकेल विकत घ्यायला नको." मथुरा नवरीची आय. तिच्या खऱ्या आयने तिला चाल शिकवली होती, शब्द मुलांनी आणि मी मिळून केले:

नवरा आला गो, नवरा आला,
सकाळी हिरवा, दुपारी पिवळा झाला,
खाडीबाय, तुजा नवरा गो रंगीला,
शिवला तिथं खाजवून गाव दमला!

पहिली तालीम झाली त्या दिवशी आम्ही सगळे पोट धरून हसलो होतो. दुसऱ्या दिवशी हेडमास्तर गुरुजींनी मला बोलावून घेतलं. गुरुजी भला माणूस, पण कमालीचा भिडस्त. टेबलावरचा पेपरवेट इकडून तिकडे ढकलत म्हणाले, "बाई, पाहुणे ठरले. त्या नाल्याच्या... म्हणजे त्या कारखान्याचे साहेब येतायत. वर्गांवर पत्रे घालून देणार आहेत आपल्याला." मी खुर्चीत बसलेच. पावसाळ्यात गळक्या वर्गांत मुलं भांडी मांडून बसायची, ते मी बघितलेलं. गुरुजी म्हणाले, "दुसरं काहीतरी बसवा ना. कोळीनृत्य बसवा. छान असतं." मी म्हटलं, "गुरुजी, मासळी मेल्यावर टोपली घेऊन नाचायचं का?" त्यांनी पेपरवेट परत पहिल्या जागी ठेवला. पण नाही म्हणाले नाहीत. भिडस्त माणसाचं हेच असतं, ते मलाही नाही म्हणू शकले नाहीत.

खरी गोष्ट पुढे होती. त्याच दुपारी मथुराचा बापूस शाळेत आला. हरेश्वर त्याचं नाव. उंच, हाडकुळा, कायम सायकल हातात धरून चालणारा माणूस. मासळी मिळेनाशी झाल्यावर होडी भावाकडे सोडून तो त्याच कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली लागला होता. टाक्या धुवायचं काम. तो दारातच उभा राहिला, आत येईना.

"बाई, पोरीला त्या नाटकातून काडा."

"का हो? छान करते ती."

"छान करते म्हनूनच सांगतो." तो खाली बघत बोलत होता. "सायेब येनार हाय. माजी पोर त्याच्या तोंडावर गानार. ठेकेदार काय करतो ठावं हाय? काय करत नाय. सकाळी गेटवर उबा राहतो, आनि एवडंच बोलतो, कल से मत आना. भांडन नाय, काय नाय. तेवडंच."

मी म्हटलं, "नाटकात कारखान्याचं नाव नाही. लग्न आहे ते. लग्नात कोणी रागावत नाही, तुमचीच रीत ना?"

त्याने मान वर केली. "आमची रीत आमाला ठावं हाय, बाई. सायबाला कुठं ठावं हाय?"

मी म्हटलं, ठीक आहे, मथुराच्या जागी दुसरी मुलगी घेते. तो गेला. आणि संध्याकाळी मथुराच्या आयने मला बाजाराच्या वाटेवर गाठलं. डोक्यावर टोपली, मनगटापर्यंत सुकलेला चिखल. म्हणाली, "पोरीला काडू नका. ती घरात जेवत नाय." मी म्हटलं, "तुमच्या मालकांचं काम गेलं तर?" तिने डोक्यावरची टोपली सावरली. मग म्हणाली, "गेलं तर गेलं असं मी कशी बोलू? दोन लहान पोरं हायत. पन मी शिंपल्या काडाया जाते त्या चिखलात, रोज. माजी पोर माजं गानं गाते, तर मी तिला काय सांगू, गप बस?" आणि ती चालायला लागली. नवरा-बायको दोघंही खरं बोलत होते.

हरेश्वरला दिलेला शब्द मोडून मथुराला मी ठेवलं. पण त्यानंतरच्या तालमी बघवेनात. शब्द तेच, चाल तीच, फेटेही तेच, पण हसू काही येईना. मथुरा ओळ म्हणायची आणि दाराकडे बघायची. रुखवत वाचणारा मुलगा भराभर वाचून मोकळा व्हायचा. भीती शिरली की पहिला बळी जातो तो विनोदाचा. बाकी सगळं जागच्या जागी असतं, म्हणून बाहेरच्याला काही कळतही नाही. मी मुलांवर खेकसायची, "अरे हसा की! लग्न आहे!" आणि खेकसून कोणी हसतं का? मग मीच वर्गाबाहेर जाऊन नळाखाली तोंड धुवायची.

त्या शिबिरातल्या मुलीला मी हे सांगितलं नाही. तिला कसं सांगणार, की विनोद हा मुलांना गोळीसारखा साखरेत घोळून द्यायचा प्रकार नाही म्हणून? ज्याच्यावर हसायचं तो समोर खुर्चीत बसलेला असतो आणि हसणाऱ्याच्या घरची चूल त्याच्या हातात असते. हसऱ्या झाडाच्या चित्रात हे कुठे बसवायचं!

गॅदरिंगचा शनिवार उजाडला. दुपार उतरल्यावर कार्यक्रम. मैदानात मांडव, पताका, पुढे सतरंजीवर मुलं, मागे सगळा गाव. बायका हळदीला येतात तशा नटून आलेल्या. वारा खाडीकडून वाहत होता आणि त्याला त्या दिवशी नेमकी भरपूर "कंपनी" होती. साहेब आले. मी मनात राक्षस रंगवला होता, आला तो चाळिशीचा, गोरा, चष्मेवाला, नीट मराठी बोलणारा माणूस. कपाळाला कुंकू लावून, गळ्यात हार घालून गुरुजींनी त्यांना मधल्या खुर्चीत बसवलं. हरेश्वर मागे खांबाला टेकून उभा होता. त्याच्या बाजूला आणखी चार-पाच जण, त्याच ठेकेदाराकडचे. मला मांडवात दुसरं काही दिसेचना, साहेबांचा चेहरा आणि तो खांब, बस्स.

नाटक सुरू झालं. पहिल्या प्रवेशाला कोणी हसलं नाही. हिरवा फेटा बांधलेला नवरा आला, तेव्हाही नाही. सगळा गाव साहेबांच्या मानेकडे बघत होता. मग नवरा आत गेला आणि पिवळा फेटा बांधून आला आणि पुढच्या रांगेतलं एक शेंबडं पोर ओरडलं, "आरं, ह्याला कावीळ झाली!" आणि पहिले कोण हसले असतील? साहेब! मोठ्याने, मान मागे टाकून. धरण फुटावं तसा मग सगळा मांडव हसला. मथुराच्या अंगात वारं शिरलं. तिने गाणं असं काही उचललं की मागच्या बायका उठून टाळ्या वाजवत साथ द्यायला लागल्या. तिची आयसुद्धा. रुखवताला तर साहेबांनी डोळे पुसले. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, झालं! सुटलो. लग्नात कोणी रागावत नाही.

आणि मथुरा स्टेजवरून खाली उतरली.

हे तालमीत नव्हतं. तालमीत ती नाटकातल्या व्याह्याचे, म्हणजे एका सहावीतल्या मुलाचे पाय रिकाम्या तांब्याने धुवायची. आता ती एका हातात परात आणि एका हातात तांब्या घेऊन थेट मधल्या खुर्चीकडे निघाली. तिचंही बरोबर होतं. कुंकू लावलेला, हार घातलेला, गाणी ऐकून हसणारा पाहुणा समोर असताना त्या सहावीतल्या मुलाचे पाय कोण धुणार? ती माझ्या अंगावरून गेली तेव्हा तांब्यातलं पाणी हिंदकळलं. रिकामा नव्हता तांब्या. रुखवतातली विटकरी बाटली तिने त्यात ओतली होती. मी "मथुरा" म्हणून हाक मारली, पण ती टाळ्यांत कुणाला ऐकू जाणार?

तिने परात साहेबांपुढे ठेवली. "व्याहीबुवा, पाय द्या." मांडव खदखदून हसला. साहेबही हसले. खेळीमेळीचा माणूस, वाकून त्यांनी बूट काढले, मोजे काढले, पँट घोट्यावर दुमडली आणि दोन्ही पाय परातीत ठेवले. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मोठा मान होता तो. मथुरा खाली बसली, तांब्या वाकडा केला आणि थांबली.

गोरेपान पाय. कुठे चीर नाही, चट्टा नाही. ती नुसती बघत राहिली. तांब्याच्या तोंडाशी आलेलं पाणी तिथेच थरथरत होतं. टाळ्या विरल्या. मग ती म्हणाली, नाटकातल्या आवाजात नाही, घरातल्या आवाजात, "नको, सायेब. खाज येल तुमाला."

कोणी हसलं नाही. गुरुजी अर्धवट उठले. साहेबांच्या चेहऱ्यावर हसू तसंच राहिलं होतं, पण डोळे बदलले. त्यांनी तांब्यात पाहिलं. पाणी त्यांना ओळखू आलं असावं. "ओत गं," ते हळूच म्हणाले, "काही होत नाही." तिने मान हलवली. "माज्या आयला होतं." आता त्यांना पाय मागेही घेता येईनात आणि पुढेही ठेवता येईनात. सगळा गाव त्या परातीकडे बघत होता.

खांबापासून हरेश्वर निघाला. लोकांनी वाट दिली. मला वाटलं आता तो पोरीच्या मुस्काटात मारणार. त्याने तिच्या हातातून तांब्या घेतला, साहेबांचे पाय हलकेच परातीबाहेर ठेवले, स्वतः चपला काढून परातीत उभा राहिला आणि ते विटकरी पाणी आपल्या पायांवर ओतलं. सगळं. शेवटच्या थेंबापर्यंत. त्याचे पाय मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिले. नखं उरली नव्हती. घोट्यापर्यंत कातडी सोलवटून पांढरी झाली होती.

"पोर हाय, सायेब," तो म्हणाला. "रागावू नका. आमच्या पायांना ठावं हाय ह्ये पानी."

त्याने ते नोकरी वाचवायला केलं, साहेबांचा मान राखायला केलं, की आणखी कशासाठी, ते मला आजही सांगता येत नाही. त्यालाही सांगता आलं नसतं. साहेबांनी मोजे चढवले, बूट घातले. बक्षीस वाटप झालं, मथुराच्या हातात त्यांनी पेला दिला. तिच्याकडे बघितलं नाही. भाषण न करताच ते गाडीत बसले. मांडवातल्या बायका पदर सावरत उठल्या आणि आपापल्या वाटेला लागल्या.

मधला रविवार मी कसा काढला ते माझं मला माहीत. घरी नवऱ्याने दोनदा विचारलं, ताप आहे का. सोमवारी सकाळी एसटीतून उतरून शाळेच्या रस्त्याला लागले, तेव्हा हरेश्वरची सायकल बोईसरच्या दिशेने जाताना दिसली. मी हाक मारली नाही. दिवसभर शिकवलं काय आणि किती, आठवत नाही. वर्गाच्या पुढच्या खिडकीतून रस्ता दिसत होता. गेटवरून परत पाठवलं तर माणूस उन्हाच्या आतच सायकल हातात धरून परत येणार. दर सायकलला मी खडू थांबवून बाहेर बघायची. मथुरा पहिल्या बाकावर बसली होती, तिचीही मान त्याच खिडकीकडे. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत नव्हतो. मधल्या सुट्टीत कोणी पाण्याकडे गेलं नाही, कोणी हसलंही नाही. दुपार झाली. कारखान्याचा भोंगा झाला. रस्ता रिकामाच होता.

शाळा सुटली तरी मी बसून राहिले, आणि मथुराही. शेवटी तो आला. नेहमीच्या वेळेला. सायकल भिंतीला लावून दारात उभा राहिला. मथुरा धावत त्याच्या कमरेला जाऊन बिलगली.

मी विचारलं, "काम?"

"हाय."

"ठेकेदार काही बोलला?"

"नाय. सायबानं बोलावलं होतं. हापिसात." तो अडखळला. आयुष्यात पहिल्यांदाच तो त्या ऑफिसात गेला असणार. "मला बसाया खुर्ची दिली. दार लावून घेतलं. मला वाटलं, आता बोलतो, कल से मत आना. तर बोलला, हरेश्वर, पाय दाकव."

"मग?"

"मग काय? दाकवलं. तो खाली बसला, बाई. जमिनीवर. चष्मा काडला, पुसला, परत घातला आनि बगत राहिला. बोलला कायच नाय. लय येळ बगत होता." हरेश्वरने मान खाली घातली. पोरीच्या डोक्यावर त्याने हात ठेवला. "मला लय लाज वाटली, बाई. टाकीतून तसाच गेलो होतो. पाय धुतलं नव्हतं."